हिरवं टोपडं

प्रिय लवंगी,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर तू ‘जेवलीस का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणते, आणि संपलं. म्हणून लिहायला बसले. अक्षर चौथीतून काढलेल्या पोरीचं आहे, चालवून घे.

आपल्या रोपवाटिकेतली सावलीची जाळी वादळात फाटली. मालक चिकट, आज शिवू, उद्या शिवू करत त्यानं सहा महिने घालवले. खालच्या त्या थोराड ऑर्किडवर सगळं ऊन पडत राहिलं. म्हटलं, गेलं हे करपून. करपतंय कसलं! या मोसमात दोन दांडे आले. एकावर नेहमीची फुलं, पिवळी, ठिपक्यांची, नटवी. आतल्या मिशांना बोट लागलं की परागाची गोळी टपकन अंगावर फेकतात. दुसऱ्या दांड्यावर मात्र जाड, हिरवी, उलट्या टोपड्यासारखी फुलं. ना ठिपका, ना मिशी. बघितलं आणि तिथंच खाली बसले.

तू पंधरा वर्षांची होतीस. असंच फूल दाखवून म्हणालीस, आजी, ही याच झाडाची मादी, ऊन जास्त मिळालं की येते. मी तीस वर्षं ऑर्किडं हाताळलेली. नर-मादी एकाच फुलात असतात, एवढंच मला पाठ. सगळ्या कामाच्या बायकांसमोर म्हटलं, बाई गं, मग यांचं लग्नही तूच लाव! सगळ्या खो खो हसल्या. तेवढ्यावर थांबले असते तर मी कसली? रोग पडलाय म्हणून दांडा कापून कचऱ्यात टाकला. तू पुन्हा वाटिकेत पाऊलही टाकलं नाहीस. शिकायला इतकी लांब गेलीस तेव्हा सगळे म्हणाले, पोर हुशार. मला ठाऊक होतं, निम्मी माझ्या जिभेमुळे गेलीस.

अजून संध्याकाळी हात सवयीनं दोन झाऱ्या भरतो, एक माझी, एक तुझी. मग दोन्ही मीच ओतते.

तर, त्या पिवळ्या नराची गोळी काडीनं उचलून हिरव्या फुलात बसवली. तीनदा पडली मेली. चौथ्यांदा बसली. आता फुलामागचा देठ फुगलाय, शेंग धरलीय. म्हणजे तुझंच खरं होतं. लिहिलं एकदा, पुन्हा लिहायला लावू नकोस.

शेंग पिकायला आठ-नऊ महिने लागतील. आतलं बी धुळीसारखं, मातीत रुजत नाही. ते बाटलीत रुजवायचं काम तुमच्यासारख्या शिकलेल्यांचं. मालक शेंग बाहेर कुणाला तरी द्यायला निघाला होता. मी ठणकावलं, काही गरज नाही, माझी नात येणार आहे. त्यानं महिना विचारला, तोही सांगून टाकला. तुला विचारायचं तेवढं राहिलं होतं, म्हणून हे पत्र.

तुझीच,
आजी