सर अँब्रोजची थोरली

शारजा, नोव्हेंबर २००१

प्रिय पर्णीताई,

मी नोकरी पुन्हा बदलली, हे आईनं फोनवर सांगितलं असेलच. हसू नकोस. आता हमरिया फ्री झोनमध्ये एका गोडाऊनला आहे. हॉटेलांच्या सजावटीसाठी इंग्लंडहून जुनं सामान येतं, खुर्च्या, घड्याळं, हरणांची शिंगं. ते उघडायचं, पुसायचं. मालक चारुदत्त, गिरगावचा, भला माणूस. बापूंच्या मेसचे डबे इथंही येतात, म्हणजे कामावर दांडी मारली की बापूंना कळलंच.

तुला आठवतं, आपण सुट्टीवर निघायच्या आधी भारतातून पाकिटं यायची आणि त्यांतून पावलं निघायची? मावशीचं, काकांचं, कुणाकुणाच्या पोरांचं, कागदावर पाय ठेवून पेनानं आखलेलं. बापू ती कात्रीनं कापायचे आणि आपल्याला घेऊन रोल्याच्या बाजारात, बुटांच्या दुकानात जायचे. तिथला मलबारी दुकानदार ओरडायचा, "यल्ला बापू, आज कितने पैर लाये?" मग कागदी पाऊल एकेका बुटात सरकवून बघायचं. ते काम तुझं, कारण माझ्या हातून फाटायचं. नंतर फलाफल. तुझ्यातलं लोणचं मी खायचो. ते दुकान आता मोबाइलवाल्याचं झालंय, आणि मलबारी शेजारच्या गल्लीत गेलाय.

पण मी भरकटलो. सांगायचं होतं सर अँब्रोजचं.

गेल्या महिन्यात एक चित्र आलं, दरवाजाएवढं. सतराव्या शतकातला हा सर अँब्रोज, बॅरोनेट. म्हणजे आपल्या पाटीलकीसारखंच, बाप गेला की थोरला मुलगा आपोआप 'सर'. चित्रात तो, त्याची बायको, दाढीमिशीवाले दोन मुलगे, आणि पुढं पाचेक वर्षांची मुलगी, हातात संत्रं. मी म्हटलं, शेंडेफळ दिसतंय. चारुदत्त म्हणाला, "अरे बाबा, ही सगळ्यांत थोरली. मार्जरी." ज्या घरातून चित्र घेतलं त्यांनीच त्याला सांगितलेलं. तिकडं राजा आणि पार्लमेंटची लढाई झाली. सर अँब्रोज राजाकडचा, आणि मार्जरीनं लग्न केलं पार्लमेंटवाल्या शिपायाशी. खलास. म्हाताऱ्यानं दार बंद केलं. पुढं चित्र काढायची वेळ आली तेव्हा मात्र म्हणाला, माझी सगळी मुलं हवीत. चित्रकारानं तिला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं विचारलं, थोरली केवढी आहे? म्हाताऱ्यानं कमरेशी हात धरला. चित्रकारानं तेवढीच काढली.

बापू डबे घेऊन आले तेव्हा मी हे त्यांना सांगितलं. गंमत म्हणूनच गं, तुझं नाव तेव्हा डोक्यात नव्हतं. बापू चित्रासमोर उभेच राहिले. मग म्हणाले, "मूर्ख आहे म्हातारा," आणि रिकामे डबे न घेताच गेले.

तुझा फोन आला की बोलायला नको म्हणून ते अजूनही खाली जाऊन गाडी पुसतात. लग्नाला सात वर्षं झाली तुझ्या, इतकी स्वच्छ गाडी अख्ख्या शारजात नसेल. पण काल शुक्रवार होता, मला म्हणाले, चल, रोल्याला जाऊन येऊ. मला गाडीत बसवून एकटेच त्या मलबाऱ्याकडं गेले, आणि परत येऊन पिशवी माझ्या मांडीवर टाकली. "ईश्वरीला पाठव. आईनं दिलं म्हणून सांग." घरी उघडून पाहिलं तर तळहातावर मावतील असे पांढरे बूट, अजून उभंही न राहणाऱ्या बाळाचे. ताई, तुला मुलगी झाली हे आईनं सांगितलं होतं ना, बापू तिथंच थांबलेत. तुझी लेक शाळेत जाते, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. बूट मी पाठवत नाही, आईच्या कपाटात ठेवलेत. तू एवढंच कर, ईश्वरीचा पाय कागदावर ठेवून आखून पाठव. पाकिटावर माझं नको, आईचंही नको, बापूंचं नाव घाल. कात्री ते शोधतील.

तुझाच, अजून कुठंच बूड न टेकलेला,
कुणाल