लाभार्थी क्रमांक एकची मॅटाडोर

प्रति,
मा. ग्रामविकास अधिकारी,
गट ग्रामपंचायत, मौजे कवठदरा,
ता. मालेगाव, जि. वाशीम.

दि. १४ नोव्हेंबर २०२५

विषय : घरकुल लाभार्थ्यांच्या यादीतून माझे नाव कमी करणेबाबत व माझे वाहन न पाडणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या फलकावरील यादी, अनुक्रमांक १.
२) ‘जुने कच्चे घर पाडून जागा मोकळी करावी’ ही आपली नोटीस.
३) याच विषयावरील माझे आधीचे अर्ज (पोच मिळाली, उत्तर नाही).

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, मी जगदेव पुंडलिक इढोळे, कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. मुलांना मी नकाशावर हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत सर्व दाखवले आहे. स्वतः मात्र अकोल्याच्या पुढे फारसा गेलेलो नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मी अकोल्याच्या भंगारवाल्याकडून एक जुनी मॅटाडोर विकत घेतली व तिच्यात पलंग, शेगडी, नळाचे छोटे बेसिन आणि फुलाफुलांचे पडदे बसवले. गाडी घेऊन निघायचे, संध्याकाळ होईल तिथे थांबायचे, गाडीतच झोपायचे, असा माझा छंद आहे. छंद अद्याप सुरू झालेला नाही, कारण इंजिन मालेगावला सैफुद्दीन मिस्त्री यांच्याकडे दुरुस्तीला होते व चाके काढून गाडी अंगणात विटांवर ठेवली होती.

१. नेमके त्याच दिवसांत आपले सर्वेक्षक श्री. धनराज हे बेघर व कच्च्या घरांच्या पाहणीसाठी आले. मी गाडीतल्या पलंगावर पडून चहा उकळण्याची वाट पाहत होतो. येथे मला एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. ही गाडी घेतल्यापासून तिच्याविषयी आपण होऊन दोन शब्द विचारणारा धनराज हा पहिलाच माणूस. त्यामुळे मी हरखून गेलो.

त्यांनी विचारले, “सर, तुमी इथंच झोपता काय?” मी म्हणालो, अगदी गाढ. “भिताडं कायचे?” पत्र्याचे, अस्सल जुने. “छप्पर?” तेही पत्र्याचे, पण गळत नाही. “खोल्या?” एकच, पण बघा किती सोयीची. “अन् हा मांगचा स्लॅबचा बंगला कोनाचा?” मी म्हणालो, तो बायकोच्या नावावर आहे, आपले जे काही आहे ते हेच. धनराज यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिले, मोबाइलवर फोटो काढला आणि चहाही न घेता गेले. माझ्या गाडीचा कुणीतरी फोटो काढला या आनंदात मी तो दिवस घालवला.

२. यादी लागल्यावर कळले की गावात सर्वांत हलाखीचे घर माझे आहे. लोक पेढे मागायला आले. वाहन असणारा माणूस घरकुलास अपात्र असतो, हा नियम मी आपणांस दाखवला. त्यावर आपण म्हणालात, “बरोबर हाय सर, पन तुमच्याजोळ वाहन कुठं हाय? तुमच्याजोळ त घर हाय. नोंद झाली.” ज्या गाडीमुळे मी अपात्र ठरायचो, त्याच गाडीमुळे मी पात्र ठरलो. मी आरसी बुक पुढे केले. आपण ते उलटसुलट पाहून म्हणालात, “वाहन असन त चालवून दाखवा.” इंजिन नसलेले वाहन चालवून दाखवणे मला जमले नाही. भूगोलाच्या माणसाकडून ती अपेक्षाही रास्त नाही.

३. मी तातडीने सैफुद्दीन मिस्त्री यांच्याकडे गेलो. इंजिन तयार होते, परंतु ते बसवायला तयार होईनात. “सर, इंजन तो बन गया. पन आता ते घर हाय म्हंतात ना? सरकारी घरात इंजन बसवलं अन् उद्या मलेच नोटीस आली त? मेरे भी बाल-बच्चे हैं.” हे त्यांचे शब्द.

४. दरम्यान गावातील चौघांनी आपापले मोडके टेम्पो अंगणात आणून विटांवर चढवले असून एकाने आत देवाचा फोटोही लावला आहे. याला मी जबाबदार नाही.

५. घरूनही मला पाठिंबा नाही. माझ्या पत्नी सौ. वर्षाराणी म्हणतात, “पाडू द्या ना तो डब्बा! सब्बल मीच आनून देतो त्यायले. फुकटचं घर भेटून राह्यलं, अन् हा मानूस अर्ज करून राह्यला का मले देऊ नका!” असा अर्ज आजवर कुणी केला नाही, हे आपल्या कार्यालयाचेही म्हणणे आहे. नाव घालण्याचा नमुना आहे, काढण्याचा नाही.

६. आता मुख्य मुद्दा. यादीत माझ्याखाली लिलाबाई आहेत. नदीकाठच्या कुडाच्या झोपडीत त्या राहतात. झोपडीचा एक कोपरा खचलेला आहे. त्यांची चूल बाहेर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या आडोशाला असल्याने आपल्या मोजणीत त्यांच्या दोन खोल्या भरल्या व माझी एकच. सबब मी त्यांच्याहून गरीब. परवा त्या माझ्या दारात येऊन बसल्या. पाणी दिले ते घेतले नाही. म्हणाल्या, “सर, तुमाले दोन घरं हाईत. एक इटाचं, एक चाकाचं. तिसरं कायले पायजे? तुमी हटले त माहा नंबर हाय म्हंतात पंचायतीत.” मी त्यांना म्हणालो की मी हटतोच आहे, मला कुणी हटू देत नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता.

७. आपल्या कार्यालयात मी पुन्हा चौकशी केली असता, नाव दोनच कारणांनी कमी होते असे समजले : लाभार्थी मयत झाल्यास, किंवा गाव सोडून कायमचा स्थलांतरित झाल्यास. पहिल्या कारणाला माझी तूर्त तयारी नाही. दुसऱ्याचा मी रात्रभर विचार केला.

त्यानुसार कळवतो की सैफुद्दीन मिस्त्री यांनी काल चाके लावून इंजिन बसवले आहे. कुणी विचारल्यास त्यांनी घराला पाण्याचा पंप बसवला असे सांगायचे ठरले आहे. येत्या सोमवारी, आपली माणसे घर पाडायला यायच्या आत, सकाळी मी घरासह गाव सोडत आहे. मेडशी ओलांडून पातूरच्या घाटात जिल्ह्याची हद्द संपते. तेथून पुढे मी कायमचा स्थलांतरित समजावा. कॉलेज असल्याने मला रोज वाशीम जिल्ह्यात यावे लागेल, ते बाहेरगावाहून येणे समजावे. रात्री सौ. वर्षाराणी मला पाहुणा म्हणून ठेवून घेतील, तसे संमतीपत्र सोबत जोडले आहे. त्यात त्यांनी “आठ दिसाच्या वर नाही अन् चहा सोताच्या हातानं” अशी अट घातली आहे. ती मला मान्य आहे.

तरी विनंती की, माझ्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून त्याच दिवशी लिलाबाईंचे नाव अनुक्रमांक एकवर घ्यावे. पुराव्यासाठी श्री. धनराज यांना मोबाइल घेऊन घाटात उभे करावे. मॅटाडोर हद्द ओलांडताना त्यांनी फोटो काढावा. मी गाडी थांबवणार नाही. थांबली तर पुन्हा घर होईल. फोटो हललेला आला तर दुसरा मागू नये. घर जागेवर नव्हते, याचा तेवढाच पुरावा माझ्याकडे राहील.

तूर्त आपल्याच यादीतला,

(सही)
जगदेव पुंडलिक इढोळे
रा. कवठदरा (सोमवार सकाळपर्यंत)

सोबत : आरसी बुकाची सत्यप्रत, सौ. वर्षाराणी इढोळे यांचे संमतीपत्र.