आबाजी वस्तादांची तालीम उद्धवच्या हाती जाऊ नये म्हणून

मी, गोजाबाई भ्रतार कै. सोनबा काटे, वय अजमासे एकसष्ट, धंदा हाडवैद्यकी, राहणार कासारवाडी, तालुका हवेली, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. पोटातली गाठ मला फार दिवस ठेवणार नाही असे दिसते. शरीर थकले आहे, बुद्धी शाबूत आहे. हे मुद्दाम लिहवून घेते, कारण माझा चुलतभाऊ उद्धव जवळकर याने मी वेडी असल्याचा अर्ज कोर्टात केला होता. तो फेटाळला गेला.

१. तालीम, तिच्यामागची जागा आणि औषधांची खोली मला वडील आबाजी वस्तादांनी हयातीत बक्षीसपत्राने दिली. त्यांना मुलगा नव्हता. लाठी, पट्टा आणि हाड बसवण्याची विद्या त्यांनी मला शिकवली. ही सर्व मिळकत मी त्यांच्या नावे नोंदवलेल्या आमच्या धर्मादाय संस्थेस देते. संस्था लहान आहे, पण तिथे आलेला मोडका माणूस कधी परत पाठवला नाही.

२. संस्थेची प्रमुख यशोदाबाई राहील. नवऱ्याने खांदा निखळवला म्हणून ती प्रथम आमच्या दारी आली. खांदा बसवल्यावर तिने विचारले, "मावशी, त्यानं पुन्ना हात उचलला तर?" मी म्हणाले, "उद्यापासून काठी धर." आज तिच्याइतका पट्टा पंचक्रोशीत कोणी फिरवत नाही.

३. उद्धवला काही नाही. जागा कारखान्याला विकायची म्हणून गेल्या वैशाखात तो माणसे घेऊन आला. तेलाच्या बरण्या अंगणात फोडल्या, यशोदाला केसांना धरून ओढले आणि ओरडला, "बायकांच्या हातात पट्टा शोभतो व्हय?" मी लाठीने त्याचे मनगट मोडले. त्याची माणसे पळाली. तो खाली बसून रडू लागला, "गोजे, हात गेला माझा!"

"गप बस, न्हाई तर वाकडा बसंल," म्हणून मीच ते हाड बसवले, बांबूच्या कामट्या बांधल्या. हात सरळ झाला. त्याच हाताने त्याने मी वेडी असल्याच्या अर्जावर सही केली. मोडल्याचा पश्चात्ताप नाही, बसवल्याचाही नाही. पण त्याने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये. अग्नी यशोदा देईल.

हे कलम सौम्य करावे असे लेखक दत्तोबांचे म्हणणे पडले. मी मानले नाही.

४. भांडीकुंडी व दोन शेळ्या शेजारीण शालनबाईस. दुखण्यात तिनेच पेज भरवली.

५. काल उद्धवची थोरली सून छबूबाई भरदुपारी, पुढच्या दाराने आली. गालावर बोटे उमटली होती. म्हणाली, "आत्याबाई, मला शिकवाल?" मी म्हटले, "माझ्यानं उठवत न्हाई. यशोदा शिकवंल. पण तुझ्या सासऱ्याला कळंल."

"कळू द्या. माझं नाव लिवा त्या कागदात."

म्हणून लिहिले. माझी लाठी छबूबाईस द्यावी.

वाचून दाखवले, बरोबर आहे, म्हणून अंगठा केला.

निशाणी डावा अंगठा: गोजाबाई काटे
साक्षीदार: ज्योतीराम लांडे, अर्जुनराव फुगे
लेखक: दत्तोबा कुलकर्णी
मुक्काम कासारवाडी, ११ ऑक्टोबर १९५७