बॅटरीची गाडी काट्यावर

११ फेब्रुवारी १९९६, धुळे
अक्काच्या घरी आलो आहे. दुपारी आग्रा रोडवर एका दुकानापुढे गर्दी दिसली म्हणून थांबलो. बॅटरीवर चालणारा तीनचाकी टेम्पो, आपल्या टेम्पोएवढाच. माणसाने किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. बंद पडला वाटलं, तेवढ्यात तो चालायला लागला. धूर नाही, धडधड नाही. एक म्हातारेबुवा वाकून मागून कोण ढकलतंय ते बघत होते.
एजंटचं नाव देवरे. मी विचारलं, क्लच कुठे आहे?
"नाहीच."
गिअर?
"तेही नाही. पुढे जायचं, मागे जायचं, एक बटण. बस."
क्लच नाही. घरी येईपर्यंत हेच दोन शब्द मनात.

१२ फेब्रु., जळगाव
वडिलांना, म्हणजे आबांना, सांगितलं. म्हणाले, "आधी समोर बघ, म्हैस आहे का सायकल?" टेम्पोतच होतो. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून बजावलं आहे, तरी सकाळी वखारीतून पिकलेली केळी भरून हातगाडीवाल्यांना पोचवायला तेच जातात. मी शेजारी बसून 'डावीकडे सायकल', 'समोर म्हैस' असं ओरडत असतो. ही म्हैस होती.
महिनाअखेरीस ऑपरेशन. त्यानंतर मी गाडी हातात घेतली नाही तर टेम्पो विकून टाकायचा, असं आबा आईला म्हणाले. मी मोरीत होतो, ऐकू आलं. टेम्पो गेला तर वखारीची फेरी गेली. फेरी गेली तर घरात आबांच्या पेन्शनशिवाय दुसरं काय आहे?
मला चालवता येतो. म्हणजे मैदानावर येतो. आमच्या पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकावर येत नाही. फाटक उघडलं की मागून सगळे एकदम हॉर्न देतात, डाव्या हातातला क्लच झटकन सुटतो आणि इंजिन बंद. मग घाम, मग पुन्हा तेच.

१५ फेब्रु.
आपल्या पेट्रोल टेम्पोचं इंजिन बोअरला आलं आहे. मिस्त्री म्हणतात, खोलावंच लागेल. म्हणजे काहीतरी ठरवायचं आहेच. हेच दुरुस्त करायचं, डिझेलचा घ्यायचा, की बॅटरीचा? तीन रकाने आखले. यापुढे पे., डि., बॅ. ('बॅटरी'च्या बॅवर अर्धचंद्र. गॅरेजच्या पाटीवर 'बेटरी' आहे. रोज दिसतं, रोज त्रास होतो.)
पे. : ओळखीचा. पार्ट कुठेही मिळतात. पिंप्राळ्यात निदान चार जण तरी दुरुस्त करतात आणि चौघेही एकमेकांना नावं ठेवतात.
डि. : ताकद जास्त. पण इतका हादरतो की पिकल्या केळीला डाग पडणार.
बॅ. : पहिल्या ओळीत 'क्लच नाही' असं लिहिलं. मग खोडलं. हा गाडीचा गुण की माझा?

१७ फेब्रु.
आबांनी मोठी गंमत सांगितली. ते भुसावळला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते, आयुष्य तिथेच गेलं. म्हणाले, "डिझेल इंजिन चाकं फिरवतं असं वाटतं का तुला? नाही. ते पोटात वीज तयार करतं. चाकं मोटरच फिरवते."
मी जेवता जेवता थांबलो. म्हणजे डिझेल आणि वीज एकाच पोटात? मग टेम्पोत तसं का करत नाहीत? छोटं इंजिन फक्त बॅटरी भरत राहील. लाइट गेली तरी चिंता नाही, डिझेल संपलं तरी बॅटरी आहे...
आबा म्हणाले, "करतील कोणीतरी. तोवर भाकरी खा."
डोक्यातून जात नाही. चौथा रकाना आखला. नाव काय द्यावं? 'दोन्ही' लिहिलं.

२० फेब्रु.
देवरे बॅ. गाडी घेऊन आले, आठवडाभर वापरून बघा म्हणून. गाडी धुळ्याहून जळगावला ट्रकवर चढून आली. एवढा पल्ला तिला झेपत नाही.
आबा म्हणाले, "नवरी डोलीतून आली. डोली मात्र डिझेलची."
देवरे हसले. मग समजावून सांगू लागले. "आबा, एकच लक्षात ठेवायचं. रोज संध्याकाळी न चुकता चार्ज द्यायचा."
"कोणाला?"
"गाडीला."
"गाडीला कसा चार्ज देतात? मी आयुष्यात एकदाच चार्ज दिला, रिटायर झालो तेव्हा. पाना, हातोडी, लॉकरची किल्ली, सगळं मोजून दिलं. सही घेतली."
देवरेंना कळेना हे थट्टा करतात की खरंच विचारतात. मलाही कळलं नाही. आबांचा चेहरा अशा वेळी सरळ असतो.
देवरेंना 'दोन्ही'बद्दल विचारलं. म्हणाले, "इंजिन पण ठेवशील, बॅटरी पण ठेवशील, मग केळी काय डोक्यावर नेशील?" हे 'दोन्ही'च्या रकान्यात लिहिलं. प्रश्न चुकीचा नव्हता.

२१ फेब्रु.
बॅ.ची पहिली फेरी. मी चालवली!! फाटक बंद होतं. उघडलं. मागून हॉर्न. पाय दाबला आणि गेलो. इतकंच. आबा शेजारी बसून होते.
कॉलनीच्या वळणावर कमलमावशींची हातगाडी. त्या अमळनेरकडच्या, बोलणं सगळं खानदेशी. रोज आमच्या टेम्पोची धडधड ऐकून त्या गाडीवरचा गोणपाट काढून तयार असतात. आज आम्ही अगदी जवळ जाऊन उभे, त्या पाठमोऱ्या.
"मावशी."
त्या दचकून ओरडल्या. "आरे देवा! गाडी कवय उनी? समजनंच नई! भूत शे का काय हाई?"
मग केळी बघितली. एक फणी उचलून इकडून तिकडून फिरवली. "बठ्ठा माल चांगला शे. एक बी डाग नई."
हे रकान्यात लिहिलं. खाली हेही लिहिलं की तिघा हातगाडीवाल्यांना हाका मारून उठवावं लागलं. आवाज नसणं हा गुण की दोष?

२२ फेब्रु.
देवरे म्हणतात बॅ. आपल्याएवढाच माल नेते. तोंडी कशाला, म्हणून दोन्ही गाड्या एकेक करून रिकाम्या वजनकाट्यावर नेल्या. आधी पे. आबांनी अंदाजाने चढवली, इंजिन बंद केलं. आतून काटेवाला ओरडला, "ड्रायव्हर खाली!" आबा उतरले. वजन झालं.
मग मी बॅ. चढवली. थांबवली. चिठ्ठी आली. बॅ. रिकामीच कितीतरी जड निघाली. बॅटऱ्यांचं वजन. म्हणजे तेवढी केळी कमी. मन खट्टू झालं. मला का खट्टू व्हावं हे कळलं नाही. तिच्यात क्लच नाही म्हणून?

२३ फेब्रु.
काल संध्याकाळी गाडीला वायर लावली आणि थोड्याच वेळात लाइट गेली. आई म्हणाली, "तुझ्या गाडीनेच ओढून घेतली असेल." साऱ्या पिंप्राळ्याची गेली होती, तरी शेजारच्या काकूंनी माझ्याकडेच बघितलं. लाइट फार उशिरा आली.
सकाळी अर्ध्या चार्जवर निघालो. माल पोचला. परत येताना गाडी दमायला लागली. शेवटी माणूस चालेल तितका वेग. एक सायकलवाला मागून आला, शेजारून चालवत राहिला, मग म्हणाला, "भाऊ, दोरी बांधू का?"
आबांना हसू आवरेना. "शेडमध्ये पण असंच. वरच्या तारेतली वीज गेली की एवढं मोठं इंजिन जागेवर बसायचं. मग त्याला ओढायला डिझेलचंच यायचं."

२५ फेब्रु.
एक विचित्र गोष्ट. पे. टेम्पोत सायलेन्सरजवळची केळी फेरी संपेपर्यंत जास्त पिवळी झालेली दिसायची. आबा म्हणायचे, गरमीने. आज बॅ.मध्ये त्याच कोपऱ्यात कच्चट फण्या ठेवल्या, तशाच राहिल्या. गरमीने, की धुराने? वखारीचे नाना म्हणाले, त्यांचे वडील बंद खोलीत धूर करूनच केळी पिकवायचे. म्हणजे धूर केळीला पिकवतो आणि आबांना खोकवतो. हे कोणत्या रकान्यात घालावं ते कळेना. समासात लिहिलं.

२७ फेब्रु., भुसावळ
आबांना रेल्वेच्या दवाखान्यात दाखल केलं. येताना बसमधून वीज केंद्राची धुराडी दिसली. इतक्यांदा पाहिली आहेत, आज पहिल्यांदाच नीट पाहिली. बॅ.ला धूर नाही असं मी लिहिलं होतं. धूर आहे. तो इथे निघतो.
मग खाली लिहिलं : एक मोठं धुराडं बरं, की गल्लोगल्ली फिरणारी शंभर लहान? माहीत नाही. कोणाला विचारावं हेही माहीत नाही.
ऑपरेशनला नेण्याआधी आबांनी खिशातून किल्ली काढली. पे. टेम्पोची.
"उद्या देवरे त्यांची गाडी नेणार ना?"
"हो. कोणती घ्यायची ते तुम्ही आल्यावर..."
"ते नंतर. फेरी उद्याही आहे. किल्ली एक, जॅक एक, पाना मोठा एक, लहान दोन. स्टेपनीत हवा कमी आहे. मिळालं म्हण."
"मिळालं."
"झालं. चार्ज दिला. आता गाडीला लागेल तेव्हा तिचं तू बघ."
नर्सबाई म्हणाल्या, आजोबा, हलू नका.

२८ फेब्रु.
आई आबांजवळ थांबली, मी पहिल्या गाडीने परत. देवरे गाडी ट्रकवर चढवून घेऊन गेले. म्हणाले, लवकर कळवा, नाशिकचं एक गिऱ्हाईक मागतं आहे.
सकाळची फेरी मी केली. पे.वर. एकटा.
फाटक बंद होतं. मालगाडी. डबे संपतच नव्हते आणि मला ते संपायला नको होते. फाटक उघडलं. हॉर्न. क्लच सुटला. इंजिन बंद.
मागचा रिक्षावाला : "इंजिन झोपलं का तू?"
"दोघं," मी म्हणालो. कसं म्हणालो कुणास ठाऊक. तो हसला, त्याने हॉर्न थांबवला. मी स्टार्टचा दांडा ओढला. एकदा नाही. दोनदा नाही. मग धरलं. क्लच हळू, हळू... पलीकडे.
कमलमावशी गोणपाट काढून तयार होत्या. "उना का भाऊ! आवाज दूरथीन वळखना मी." एका फणीला डाग होता. त्यांनी दाखवला, मी पाहिला. क्लचचाच असणार.

१ मार्च
पट्टी सुटली, आबा घरी आले. आबांना दिसतं आहे. आईला म्हणाले, तू म्हातारी झालीस. आई म्हणाली, पट्टी परत बांधा.
आज पुन्हा बंद पडला, फाटकावर नाही, भाजीबाजाराजवळ. उद्याही पडेल. पडला की दांडा ओढायचा.

३ मार्च
चारही रकाने पुन्हा वाचले. प्रत्येक ओळीजवळ थांबलो. हे गाडीबद्दल की माझ्याबद्दल? बॅ.च्या रकान्यातलं बरंच काही माझ्याबद्दल निघालं. ते खोडलं. तरी काही उरलं : डाग नाही, आबांचा खोकला नाही, पेट्रोल पंपावर रांग नाही. उरलेलंही थोडं नाही.
मग काट्याच्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या आणि एकदम आठवलं. त्या दिवशी मी खाली उतरलोच नव्हतो. काटेवाला आत बसून इंजिन बंद झाल्याचा आवाज ऐकतो आणि मगच ओरडतो, "ड्रायव्हर खाली!" बॅ.चा आवाजच नाही, तर तो ओरडणार कशावरून? मी ऐटीत सीटवर बसून होतो. माझं वजन गाडीत धरलं गेलं. काट्यावर मी बॅ.च्या विरुद्ध पडलो, रकान्यात तिच्या बाजूने. आबांना सांगितलं तर एवढे हसले की आई धावत आली, डोळ्याला ताण नको म्हणून.
माझ्याएवढ्या वजनाने फार फरक पडणार नाही, बॅटऱ्या जडच आहेत. पण चूक ती चूक.

४ मार्च
शेजारच्या काकूंकडे देवरेंचा फोन. काय ठरलं?
म्हटलं, गाडी पुन्हा एकदा आणा. काट्यावर न्यायची आहे.
"अरे, वजन झालं की त्या दिवशी."
"झालं. पण ड्रायव्हर वरच होता."