लिअँडर झकास आहे

डॉक्टर,

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून सरळ लिहिते.

दोष तुमचा नाही. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर तुम्ही नवे. "कसे आहात?" असं तुम्ही विचारलंत आणि माझा नवरा लिअँडर म्हणाला, "एकदम झकास!" आमच्याकडे घराला आग लागली तरी माणूस झकासच असतो. आधीचे म्हातारे डॉक्टर ते कानाआड करून बायकोकडे बघायचे. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, आणि परक्यासमोर नवऱ्याला खोटं पाडणं माझ्या जिवावर आलं. त्या आठवड्यात तो कामाला जातो तो खेकड्यांचा कारखाना बंद होता, त्यामुळे त्याची छातीही शांत होती. कामावर जायला हरकत नाही, असं तुम्ही लिहून दिलंत. आजारपणाचा भत्ता नाकारला गेला.

बाहेर येताच मी त्याला झापलं, "खेकडे उकडतात त्या वाफेनं तुझा दम कोंडतो, हे डॉक्टरला कोण सांगणार? खेकडे?"

तर म्हणतो, "शिकलेला पोरगा आहे, कळलं असेल त्याला."

आता तो पुन्हा त्याच वाफेत उभा असतो. आडवं झालं की श्वास अडकतो, म्हणून स्वयंपाकघरात खुर्चीतच झोपतो.

हे सगळं तुम्हाला तोंडावर सांगायचं ठरवलं होतं. काल दुकानात तुम्ही आपणहून विचारलंत, "लिअँडर कसा आहे?" भोवती अर्धं गाव होतं.

"झकास," मी म्हणाले.

"वा, छान!" म्हणत तुम्ही पाव घेऊन निघून गेलात.

फिलोमेना,
लिअँडरची बायको