मक्याचा कोपरा

सोमवार, १ सप्टेंबर

आज तर थोडक्यात वाचलो! सकाळची फेरी, व्हॅनमध्ये अकरा पोरं. चौफुलीवर नेहमीसारखी थांबले, पहिला गिअर टाकला – आणि उजवीकडच्या मक्याआडून एक मोटारसायकल सुसाट बाहेर! बंपरपासून वीतभरावरून गेला. मी अजून हललेच नव्हते, म्हणून निभावलं. मेल्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं सर्कस आहे.

सतरा वर्षं शाळेची व्हॅन चालवतेय. गाडीवर साधा ओरखडा नाही. उगाच नाही!

बुधवार, ३ सप्टेंबर

घरी सांगितलं. हे शिलाई मशीनवरून मानही वर न करता म्हणाले, "एक दिवस तू स्वयंपाकघरात शिरतानाही हॉर्न देशील."

म्हणू देत. समोरचा चुकणारच असं धरून चालवायचं, हा माझा नियम. माझीच बाजू बरोबर होती, हे प्लॅस्टरमध्ये पडून सांगण्यात काय अर्थ?

शुक्रवार, ५ सप्टेंबर

पुन्हा! या वेळी ट्रॅक्टर. मी व्हॅनचं नाक जेमतेम पुढे काढलेलं, त्याने करकचून ब्रेक दाबला, ट्रॉली तिरकी. ट्रॅक्टरवाला उडी मारून खाली आला.

"ताई, व्हॅन दिसलीच नाही हो!"

पिवळीधमक व्हॅन, आत अकरा पोरांचा कालवा – आणि दिसली नाही! पण दोष त्याचा नाही. दोष त्या कोपऱ्याचा. मका डोक्याच्या वर गेलाय, पार डांबराच्या कडेपर्यंत.

ज्यांचं ते शेत, त्यांना सगळे मकेकाका म्हणतात. सत्तरीचे, एकटे, तिरसट. उद्या गाठतेच.

शनिवार, ६ सप्टेंबर

गाठलं. बांधावरच उभं राहून बोलले माझ्याशी, बस असंही नाही म्हणाले.

"पीक रस्त्यावर गेलंय का? रस्ता आलाय माझ्या पिकाजवळ!"

"काका, फक्त कोपऱ्यावरचं तेवढं कापा."

"आज कोपरा मागशील, उद्या बांध."

आल्या पावली परत. पण मी सोडणारी नव्हे. त्यांना अजून माहीत नाही मी.

मंगळवार, ९ सप्टेंबर

पोरांना शाळेत सोडून रिकामी व्हॅन थेट त्यांच्या दारात नेली. "काका, बसा. चौफुलीपर्यंतच." कुरकुरले, पण बसले. पायाला चिखल, दोन्ही हात गुडघ्यांवर – फोटो काढायला बसल्यासारखे.

चौफुलीवर थांबले. इंजिन चालू.

"सांगा, उजवीकडून काय येतंय?"

"मका दिसतोय."

"मलाही रोज तोच दिसतो."

मिनिटभराने मक्याआडून एक टेम्पो असा काही सुटला, की काकांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला!

डॅशबोर्ड न सोडताच म्हणाले, "पोरं किती असतात म्हणालीस?"

"अकरा."

"उतरव मला इथेच."

उतरले आणि बांधावरून चालू लागले. परतीच्या वाटेवर मी मात्र गाणं म्हणत आले.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

कापला!! स्वतः, एकट्याने, विळ्याने. वीस-बावीस पावलांचा तिरका तुकडा, तोही कणसं भरत आलेली असताना. पेंढ्या रचून ठेवल्या होत्या गाईसाठी. सदरा पाठीला चिकटलेला.

"आता दिसतंय?"

"लांबच्या पुलापर्यंत दिसतंय, काका!"

"मग जा. बघत काय बसलीस?"

मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर माझं कौतुक केलं. मी मुळीच लाजले नाही. मान ताठ ठेवून ऐकलं.

सोमवार, १५ सप्टेंबर

काय ती चौफुली! सगळं लख्ख. कोण येतंय, कोण जातंय, आधीच कळतं. आज थांबायची गरजच पडली नाही. फेरी चार मिनिटं आधी संपली, निवांत चहा प्यायले.

ट्रॅक्टरवाला समोरून गेला. हात केला, वेग काही कमी केला नाही. कशाला करेल? त्यालाही दिसतंय की!

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आठवडाभर एकही प्रसंग नाही. हे म्हणाले, "त्या चौफुलीला तुझंच नाव द्यायला हवं." थट्टेतच म्हणाले. पण द्यायला हरकत नाही!

गुरुवार, २५ सप्टेंबर

सकाळची फेरी. पाहिलं, रस्ता रिकामा. तिसऱ्या गिअरमध्येच चौफुलीत शिरले. पण पुढची काच आणि दार यांच्यामधल्या उजव्या दांड्याआड एक सायकल होती. मी पुढे सरकले तशी तीही सरकत गेली, म्हणून शेवटपर्यंत ती दांड्याआडच राहिली. माझ्या शेजारी बसलेली मुलगी किंचाळली. ब्रेक. सायकल चरात.

मकेकाका. कोपर सोललंय, पुढचं चाक वाकलंय, बाकी काही नाही. पोरं सगळी ठीक. मी चरात उतरून हात पुढे केला.

काका ओरडले नाहीत. माझाच हात धरून उठले, व्हॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मका होता तेव्हा थांबायचीस ना गं तू?"