तिसऱ्या गोळीचं पोट

शौकी,

कुवेतहून फोन केलास की तू एकच विचारतोस, बाळ कसं आहे. तेव्हा तुझी आई माझ्या शेजारी बसलेली असते, म्हणून इथे लिहिते. बाळ नाही.

अंग ठणकतंय, हे मी सहा वर्षं सांगत होते. डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया म्हटलं, इजिप्तमधल्या, दुम्यातच्या या घराने कामचुकारपणा म्हटलं. पहिल्या गोळीने घशाला कोरड पडायची आणि मी दिवसभर पेंगायचे. दुसरीने उलट्या झाल्या. तिसरीने दुखणं निम्म्यावर आलं, पण पाय सुजले, वजन वाढलं, पोट सुटलं. तू सुट्टीवर येऊन गेलास त्याला काही महिने झाले होते; तुझ्या आईने पोट पाहिलं आणि गल्लीभर सांगून मोकळी झाली. माझ्या हातातला गॅसचा सिलिंडर तिने काढून घेतला, पोटात भात भरून भाजलेलं कबूतर पुढ्यात ठेवलं.

"खा गं, आता दोन जिवांची आहेस."

मी गप्प बसून खाल्लं. चूक माझीच.

मंगळवारी तिने माझ्या गोळ्या संडासात ओतल्या. बाळाला बाधतील म्हणाली. एकदम बंद करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून मळमळतंय, घाम फुटतोय, झोप नाही, हाडन्‌हाड ठणकतंय. तुझी आई खूश आहे. एवढी मळमळ म्हणजे मुलगाच, म्हणते.

काल ती माझे पाय चेपत होती. मी कण्हले तर तिचे डोळे भरून आले. सहा वर्षांत पहिल्यांदा माझं दुखणं कुणाला तरी खरं वाटलंय. खरं सांगितलं, की तेही खोटं ठरेल.

पाकिटावर पत्ता न घालता,
ईनास